दुपारच्या बारापासून उलटं मोजा

जुलै-ऑगस्टमधली रात्र. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या एका पार्किंगमध्ये दोन वाजलेत आणि तिथं चक्क गर्दी आहे. कोणी बुटांच्या नाड्या आवळतंय, कोणी बाटल्या सॅकमध्ये कोंबतंय, कोणी कपाळावरचा हेडटॉर्च चाचपतंय. थोड्या थोड्या वेळानं एकेक टोळकं अंधाऱ्या जंगलात शिरतं. सगळ्यांना जायचंय एकाच ठिकाणी: लाँग्स पीक, उंची ४,३४६ मीटर. 'कीहोल रूट' या वाटेनं जाऊन-येऊन सुमारे २४ किलोमीटर चाल, जवळपास दीड हजार मीटर चढ आणि शेवटी हातापायांनी करायची कातळातली चढाई. मुक्काम नाही. आज निघायचं आणि आजच उतरायचं.

आता मला सांगा, डोंगर कुठं पळून चाललाय का? सूर्य सहाच्या आसपास उगवतो, दिवस चांगला लांबलचक असतो. मग झोपेचं खोबरं करून दोन वाजता निघायचा हा अट्टहास कशासाठी?

याचं उत्तर दुपारच्या बारामध्ये दडलंय. लाँग्स पीकचा बेत रात्री दोनपासून पुढं आखतच नाहीत. तो दुपारी बारापासून मागं, उलटा आखतात. आणि असं मागं मागं येताना वाटेत जे जे भेटतं ते पाहून थक्क व्हायला होतं. ढग, कातळ, झाडं, आपलं स्वतःचं रक्त, प्रत्येकाचं आपलं एक वेळापत्रक आहे आणि माणसानं त्यातून आपली वाट काढायची आहे. चला, मोजायला लागू.

दुपारी बाराला असं होतं तरी काय?

कोलोरॅडोत उन्हाळ्यात सकाळी आकाश इतकं निळंशार असतं, की पावसाचा विषय काढणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. त्याच आकाशात दुपारी विजा कडाडतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये असं दिवसामागून दिवस होऊ शकतं. कुठून येतात हे ढग? बहुतेक वेळा ते कुठून येतच नाहीत. ते डोंगरावरच जन्मतात.

ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ऊन जमिनीला तापवतं आणि जमीन हवेला. डेन्व्हरकडच्या मैदानात ही तापणारी जमीन दीड हजार मीटर उंचीवर आहे. डोंगराचा उतार मात्र साडेतीन-चार हजार मीटरवर तापत असतो, जिथं आजूबाजूची मोकळी हवा चांगली गार असते. कोणी पेटती शेगडी उचलून थेट आकाशाच्या मधल्या मजल्यावर नेऊन ठेवावी, तसा हा प्रकार. उताराला चिकटलेली हवा तापते, हलकी होते, वर सरकू लागते. दोन्ही बाजूंच्या उतारांवरून चढलेली हवा धारेवर एकमेकींना भिडते. मग तिला जायला एकच दिशा उरते: आणखी वर.

तिच्यात बाष्प असलं तर? जुलैपासून ते असतं. मेक्सिको आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडची जमीन उन्हाळ्यात तापली, की वारे दिशा बदलतात आणि कॅलिफोर्नियाच्या आखातावरून, पॅसिफिकवरून, मेक्सिकोच्या आखातावरून ओलावा आत ओढला जातो. ओळखीचं वाटतंय ना? हा उत्तर अमेरिकेचा मान्सून. आपल्या मान्सूनपेक्षा बराच लहान, पण त्याच जातकुळीचा.

पुढची गंमत तर अफलातून आहे. वर जाणारी हवा गार होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. पाण्याची वाफ करताना जी उष्णता खर्च झाली होती, ती थेंब होताना परत मिळते आणि हवा आजूबाजूपेक्षा उबदार राहते. उबदार राहिली की आणखी वर जाते, आणखी थेंब होतात, आणखी उष्णता सुटते. ढग स्वतःच स्वतःला वर ढकलत राहतो! सकाळी दहाला दिसलेला पांढरा निरुपद्रवी पुंजका दुपारपर्यंत दहा किलोमीटरहून उंच मनोरा होऊ शकतो.

त्या मनोऱ्याच्या पोटात मऊ गारा आणि बर्फाचे बारीक स्फटिक एकमेकांवर आदळत असतात. प्रत्येक टकरीत थोडा विद्युतभार इकडचा तिकडे होतो. जड गारा बहुधा ऋणभार घेऊन खाली राहतात, हलके स्फटिक धनभार घेऊन ढगाच्या माथ्याकडे जातात. ही फारकत वाढत वाढत शेवटी वीज पडते आणि तिच्या वाटेतली हवा क्षणभरात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट! हे कुठं? तर आभाळातून आपल्याच दिशेनं येणाऱ्या एका रेघेत.

लाँग्स पीकचा माथा चांगला ऐसपैस आणि सपाट आहे. तिथं झाड नाही, झुडूप नाही. पंचक्रोशीतल्या सगळ्यात उंच सपाटीवर सगळ्यात उंच वस्तू कोणती? तिथं उभे असलेले तुम्ही! त्या माथ्यावर घड्याळात बारा वाजले आणि डोक्यावर ढग असला, की आपलेही बारा वाजायची वेळ आलीच म्हणायची.

म्हणून नियम असा, की दुपारी बाराला झाडांच्या रेषेच्या खाली, जंगलात पोहोचलेलं असायचं. हा झाला आपल्या गणिताचा शेवटचा आकडा. आता मागं यायचं.

डोंगरात किती वेळ लागेल हे सांगणारं एक सूत्र १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं मांडलं. आज सव्वाशेहून जास्त वर्षं झाली तरी ते चालतं, कारण त्याहून सोपं काही असूच शकत नाही: सपाटीच्या दर पाच किलोमीटरना एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटरना आणखी एक तास. बस्स.

लाँग्स पीकला लावून पाहू. वाटेची सुरुवात २,८६७ मीटरवर. म्हणजे जिथं गाडी लावली ती जागाच आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा बाराशे मीटरनी उंच! तिथून कीहोल नावाच्या खिंडीपर्यंत सुमारे १० किलोमीटर आणि साडेअकराशे मीटरच्या आसपास चढ. सपाटीचे दोन तास, चढाचे जवळपास दोन तास, एकूण चार. तंदुरुस्त आणि त्या हवेला सरावलेल्या माणसाला खरोखरच साधारण तेवढे लागतात. व्वा नेस्मिथसाहेब!

आता कीहोलपासून माथा. अंतर अवघं दोन किलोमीटर, उंचीतला फरक साडेतीनशे मीटरच्या आत. सूत्र म्हणतं, एका तासात पोहोचाल. प्रत्यक्षात? दोन तास लागले तरी चांगले म्हणायचे, आणि उतरतानाही तेवढेच. एकाच डोंगरावर, एकाच सकाळी, तेच सूत्र खिंडीच्या अलीकडे अचूक ठरतं आणि पलीकडे साफ कोसळतं. असं काय आहे त्या खिंडीपलीकडे?

तिथं वाट संपते. त्यापुढं कातळावर रंगवलेल्या पिवळ्या-लाल वर्तुळांचा माग काढत जायचं. आधी 'लेजेस': उताराला आडवं जाणारे कातळाचे अरुंद टप्पे, कधी चढ, कधी उतार. मग 'ट्रफ': सह्याद्रीत जिला आपण नाळ म्हणतो तशी लांबलचक, खडी, घसाऱ्यानं भरलेली. वरच्या माणसाच्या पायाखालून निसटलेला दगड खालच्याच्या दिशेनं येतो, त्यामुळं पाय टाकताना खालच्यांचाही विचार करायचा. नाळेच्या डोक्यावर एक अवघड कातळटप्पा ओलांडला, की 'नॅरोज': एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला थेट खाली गेलेला कडा आणि मध्ये पाऊल मावेल अशी पट्टी. दृष्टिभय म्हणजे काय ते इथं कळतं. आणि शेवटी 'होमस्ट्रेच': माथ्यापर्यंत गेलेला ग्रॅनाइटचा तिरपा, गुळगुळीत कातळ, जिथं बोटं आणि बुटांची टोकं भेगांत रुतवत चढावं लागतं.

हा ग्रॅनाइट सुमारे १४० कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात खोलवर वितळलेल्या रसातून गोठला. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणजे होमस्ट्रेचवर तळहात टेकला, की त्याखालचा खडक रायगडाच्या खडकाहून वीसपट जुना असतो! कोरडा असेल तर त्याचा खरखरीत कण बुटाला घट्ट धरतो. पाऊस पडला, की तोच कातळ दगा देतो. म्हणजे दुपारच्या ढगाची भीती एकट्या विजेची नाही. वीज चुकली तरी ओला होमस्ट्रेच उतरायचा बाकी असतोच.

हा माथा माणसाला अशक्यच आहे असं एकेकाळी वाटायचं. डेन्व्हरच्या 'रॉकी माउंटन न्यूज' या वृत्तपत्राचा संपादक विल्यम बायर्स यानं १८६४ मध्ये प्रयत्न केला, तो फसला, आणि पंख असल्याशिवाय तिथं कोणी पोहोचणं शक्य नाही अशा अर्थाचं त्यानं लिहून टाकलं. चार वर्षांनी, २३ ऑगस्ट १८६८ रोजी, एक तुकडी माथ्यावर उभी होती. तिचा म्होरक्या होता यादवी युद्धात एक हात गमावलेला जॉन वेस्ली पॉवेल, जो पुढच्याच वर्षी होड्या घेऊन ग्रँड कॅन्यनमधून पार होणार होता. आणि त्याच्या सोबतीला माथ्यावर होता कोण? तोच बायर्स. बिनपंखांचा!

पण 'पहिले' तरी ते होते का? १९१४ मध्ये अरापाहो जमातीची वडीलधारी मंडळी या भागात आली होती. डोंगरदऱ्यांची त्यांची जुनी नावं नोंदवून घेण्यासाठी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांच्यातल्या गन ग्रिसवोल्ड यांनी सांगितलं, की आपले वडील या शिखराच्या माथ्यावर गरुड पकडायला जात. खड्ड्यात लपून बसायचं, वर आमिष ठेवायचं आणि गरुड उतरला की त्याचे पाय धरायचे! ज्या जागी पोहोचायला पंख लागतील असं संपादकाला वाटलं, तिथं दुसरं कोणी पंखवाल्यांनाच धरायला जात होतं.

असो, गणिताकडे वळू. बाराला जंगलात असायचं, तर दहाला उतरून कीहोलवर हवं, कारण तिथून झाडं गाठायला दोनेक तास लागतात. दहाला कीहोलवर, तर आठला माथा सोडायला हवा. आठला माथ्यावर, तर चढताना सहाला कीहोलवर. आणि सहाला कीहोलवर, तर तिथवरचे चार तास वजा करा. किती वाजले? दोन! पार्किंगमधल्या त्या गर्दीनं झोपेत कौल लावून वेळ ठरवलेली नाही. वर फोटो आणि खाण्यासाठी अर्धा तास हवा असेल, तर तो झोपेतूनच कापावा लागतो. कित्येकजण एक वाजताच निघतात ते यासाठी.

पण कीहोलवर नेमकं सहालाच पोहोचण्यात आणखी एक मेख आहे, आणि मला या सगळ्या बेतातली ती सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

कीहोल म्हणजे धारेला पडलेलं एक भलंमोठं खिंडार, एका बाजूनं वर कातळाची चोच आलेलं. इथपर्यंतची सगळी वाट डोंगराच्या पूर्वेकडून आणि उत्तरेकडून येते. इथलं हवामान मात्र बहुतेक पश्चिमेकडून येतं. म्हणजे चार तास तुम्ही अशा भिंतीच्या आडून चालत असता, जिच्यामागं दिवसाचं खरं भविष्य लपलेलं आहे. डोक्यावर चांदण्या, समोर केशरी पहाट, सगळं आलबेल. कीहोलमध्ये पाऊल टाकलं, की पहिल्यांदाच पश्चिमेचं आकाश दिसतं, आणि ते सूर्योदयाला दिसतं, म्हणजे वाचण्याइतक्या उजेडात. त्या क्षणी तिकडं ढग असतील, तर निर्णय झालाच.

वाराही इथंच भेटतो. धारेनं अडवलेली हवा या एकाच खिंडारातून घुसते आणि जागा अरुंद झाल्यामुळं तिचा वेग वाढतो. खाली झुळूक असावी आणि इथं उभं राहणं मुश्कील व्हावं, असं होतं. पुष्कळ लोक इथूनच माघारी फिरतात. शहाणे असतात ते.

खिंडीशेजारच्या दगडाच्या छोट्या गोलाकार निवाऱ्याची गोष्ट ऐका. जानेवारी १९२५ मध्ये अ‍ॅग्नेस व्हेल या गिर्यारोहक बाईंनी वॉल्टर कीनर यांच्यासोबत शिखराची पूर्वेकडची भिंत ऐन हिवाळ्यात सर केली. माथा गाठला, पण उतरताना त्या घसरल्या आणि थंडीनं, थकव्यानं त्यांचा अंत झाला. त्यांना वाचवायला निघालेल्यांपैकी हर्बर्ट सॉर्टलंड हेही परतले नाहीत. १९२७ मध्ये व्हेल यांच्या स्मरणार्थ हा निवारा बांधला गेला. शिखरावर पोहोचणं म्हणजे अर्धंच काम झालेलं असतं, हे त्या निवाऱ्याची गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते.

मग आणखी लवकर का निघू नये? अकराला, दहाला? कारण पलीकडचा लेजेस-ट्रफचा भाग पश्चिमेकडं आहे. सकाळी तो सावलीत असतो. रात्री पाझरलेल्या पाण्याची कातळावर बर्फाची पातळ, जवळजवळ न दिसणारी साय धरलेली असू शकते, आणि अंधारात ती दिसणार तरी कशी? शिवाय त्या पिवळ्या-लाल खुणा टॉर्चच्या उजेडात सहज हुकतात. फार उशीर केला तर वीज, फार घाई केली तर बर्फ. या दोहोंच्या मध्ये चार-पाच तासांची एक फट आहे. सगळा बेत त्या फटीत बसवायचा.

आणखी मागं या. कीहोलच्या अलीकडे आहे 'बोल्डर फील्ड': नजर जाईल तिथवर धोंडेच धोंडे, काही माणसापेक्षा मोठे. कोणी टाकले? पाण्यानं! खडकाच्या भेगेत पाणी शिरतं, रात्री गोठतं आणि गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. भेग केसभर रुंदावते. दिवसा बर्फ वितळतो, पाणी आणखी आत उतरतं, रात्री पुन्हा फुगतं. वर्षानुवर्षं हेच चाललं, की कडा फुटून धोंडे होतात. आपण बर्फाच्या ट्रेमध्ये रोज जे करतो, त्यानंच हे पठार भरलंय.

या धोंड्यांमधून एक बारीक शीळ ऐकू आली, तर तो पायका समजा. सशाचा हा गोलमटोल भाऊबंद हिवाळ्यासाठी गवत कापून, वाळवून, दगडांखाली रचून ठेवतो. तिथंच मारमॉट नावाची जाडजूड खार मिठाच्या शोधात असते, आणि घामानं खारावलेले सॅकचे पट्टे तिला फार आवडतात. सॅक उघड्यावर सोडून गेलात तर परतल्यावर पट्ट्याऐवजी चिंध्या मिळायच्या.

त्याखाली येतात उघडी कुरणं आणि मग झाडांची रेषा, साधारण ३,३०० ते ३,४०० मीटरवर. ती रेषा तिथंच का? बर्फामुळं? वाऱ्यामुळं? जगभरच्या डोंगरांवर मोजमापं करून शास्त्रज्ञांना एक थक्क करणारी गोष्ट दिसली: आल्प्स असो, हिमालय असो की रॉकीज, वाढीच्या हंगामातलं सरासरी तापमान सुमारे ६ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं, की झाड झाड म्हणून उभं राहू शकत नाही. पानं ऊन खातात, साखर बनवतात, पण त्या गारठ्यात साखरेपासून नवं लाकूड घडवण्याचं कामच चालत नाही. रेषेजवळची झाडं मग गुडघ्याएवढी, वाऱ्याच्या दिशेनं पसरलेली, जमिनीला धरून राहिलेली दिसतात. त्यातली काही शेकडो वर्षांची असू शकतात.

रेषेच्या वर फुलं आहेत, पण बोटभर उंचीची. त्यात एक पिवळं सूर्यफूल आहे, देहाच्या मानानं भलं मोठं. हे रोप कित्येक वर्षं शक्ती साठवतं, एकदाच फुलतं आणि मरतं. त्याची फुलं बहुतेक पूर्वेकडं तोंड करून असतात. सकाळचं ऊन खात्रीचं, दुपारचं आभाळ बेभरवशाचं, हा या डोंगरावरचा हिशेब त्या फुलाच्या ठेवणीतही दिसतो.

आता पार्किंगपर्यंत मागं आलो. गणित संपलं? नाही. कारण दोन वाजता निघणारा माणूस कोणत्या रक्तानं निघतोय, हे त्याच्या आधीच्या दिवसांत ठरलेलं असतं.

माथ्यावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं जेवढं मुंबईत: २१ टक्के. कमी असतो तो हवेचा दाब, समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के. पाणीसुद्धा तिथं शंभरऐवजी ८६ अंशांच्या आसपास उकळतं. प्रत्येक श्वासात ऑक्सिजनचे कणच कमी येतात. सपाटीवरून आलेल्या माणसाची जास्तीत जास्त श्रम करायची क्षमता या उंचीवर पावपट किंवा त्याहूनही अधिक घटते.

शरीर काय करतं? मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या दुभाजकाशी काही मिलिमीटरचा एक पहारेकरी बसलेला आहे. रक्तात ऑक्सिजन घटल्याचं कळताच तो मेंदूला सांगतो: श्वास वाढव. श्वास वाढला की ऑक्सिजन येतो, पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी होऊ लागतं. मेंदू घाबरतो आणि म्हणतो: पुरे, श्वास आवर! एक पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, एक ब्रेकवर. पहिल्या रात्री झोपेत श्वास भरभर चालतो, मग थबकतो, मग पुन्हा सुरू होतो, तो याच ओढाताणीमुळं. सोडवतं कोण? मूत्रपिंडं! ती दोनेक दिवस जादा अल्क लघवीतून बाहेर टाकत राहतात आणि हळूहळू ब्रेक सैल होतो. डोंगरात गेल्यावर पहिल्या दिवशी सारखं लघवीला लागतं ना? काम चालू असल्याची ती पावती आहे.

हे आपल्याला कळायला मोठी मदत झाली ती याच कोलोरॅडोत. लाँग्स पीकपासून दीडशेहून जास्त किलोमीटर दक्षिणेला पाइक्स पीक आहे, ४,३०२ मीटर. १९११ च्या उन्हाळ्यात शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी तिथं माथ्यावरच्या घरात काही आठवडे राहिले आणि स्वतःच्याच श्वासाचे, रक्ताचे नमुने तपासत बसले. त्यांच्या मोहिमेतल्या मेबल फिट्झजेराल्ड यांना मात्र बाई म्हणून माथ्यावरच्या त्या पुरुषांच्या घरात जागा नव्हती. त्या खालच्या खाणींच्या गावांमधून एकट्या फिरल्या, वेगवेगळ्या उंचीवर कायम राहणाऱ्या लोकांचे श्वास मोजत गेल्या आणि दाखवून दिलं, की शरीर उंचीशी जुळवून घेतं ते अगदी पायरीपायरीनं, थोड्याशा उंचीपासूनच. ज्या ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या शिक्षणाच्या काळी बायकांना पदवी मिळत नसे, त्याच विद्यापीठानं त्यांना १९७२ मध्ये सन्मानाची पदवी दिली. तेव्हा त्या शंभर वर्षांच्या होत्या!

बेताच्या दृष्टीनं याचा अर्थ सरळ आहे. विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी लाँग्स पीकला जायचं नाही. पायथ्याजवळचं एस्टेस पार्क हे गाव जवळपास २,३०० मीटरवर आहे. तिथं दोन-तीन रात्री काढायच्या, दिवसा थोडं वर जाऊन यायचं, मूत्रपिंडांना त्यांचं काम उरकू द्यायचं. डोकं ठणकत असेल, मळमळत असेल, तर ठरलेला दिवस पुढं ढकलायचा. आणि त्याहीआधी महिना निवडायचा: वाटेवरचा बर्फ साधारण जुलैच्या मध्याला हटतो आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर पुन्हा कधीही येऊ शकतो. म्हणजे वर्षातले दोन महिने, दिवसातले काही तास. त्या वाटेला एवढंच दार आहे.

सॅकमध्ये तीन-चार लिटर पाणी घ्या, कारण कोरड्या गार हवेत प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ओलावा उडून जातो आणि तहान लागलेली कळत नाही. खायला आवडीचं घ्या, कारण उंचीवर भूक मरते आणि न आवडणारं घशाखाली उतरत नाही. ऊन ऑगस्टचं असलं तरी उबदार थर आणि पावसाचं जाकीट घ्या: उंचीच्या दर किलोमीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे माथा पार्किंगपेक्षा दहाएक अंशांनी थंड, आणि वर वारा वेगळाच.

उतरण्यासाठी पायांत ताकद राखून ठेवा. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचा भार पेलतो, आणि त्यात त्याच्या सूक्ष्म तंतूंची जास्त झीज होते. दम लागत नाही, म्हणून उतरणं सोपं वाटतं. प्रत्यक्षात थकलेली मांडी नेमक्या कठीण पावलाला दगा देते. १९१५ मध्ये हा पार्क झाला, तेव्हापासून या शिखरावर साठहून अधिक माणसं दगावली आहेत, आणि त्यांत पडून गेलेल्यांची संख्या सगळ्यात जास्त आहे.

म्हणूनच या बेतातली सगळ्यात मोलाची नोंद म्हणजे माघारी फिरण्याची वेळ. ती घरी, पोट भरलेलं आणि डोकं शांत असताना कागदावर लिहायची: अमुक वाजेपर्यंत माथा आला नाही, तर असू तिथून वळायचं. वर, विरळ हवेत, माथा समोर दिसत असताना घेतलेल्या निर्णयावर कोणी विश्वास ठेवू नये, स्वतःसुद्धा.

आणि हे उलटं गणित काही एकट्या लाँग्स पीकचं नाही. हिमालयात दिवसा हिमनदी वितळते आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी कमरेला लागतो, म्हणून तो पहाटे ओलांडायचा. आल्प्समध्ये रात्री बर्फानं धरून ठेवलेले दगड ऊन लागलं की सुटतात, म्हणून त्या नाळेतून आधीच निघून जायचं. मे महिन्यात सह्याद्रीचा उघडा कातळ अकरानंतर भाजून काढतो. प्रत्येक डोंगराची एक वेळ असते, ज्यानंतर तो वेगळाच डोंगर होतो. तेव्हा पुढचा बेत आखताना 'किती उंच आहे?' हे नंतर विचारा. आधी विचारा: 'इथं उशीर झाला तर नेमकं काय होतं?' त्याचं उत्तर मिळालं, की गजर कितीचा लावायचा ते सांगायला कोणी लागत नाही.